मागाच्या शेडमध्ये बहिरं कोण?

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये कधी उभे राहिलात का? दाराशी पोचायच्या आधीच खटक-खटक सुरू होते. आत गेलं की शेजारचा माणूस कानात तोंड घालून बोलला तरी अर्धंच कळतं. म्हणून तिथं फारसं कुणी ओरडत नाही. हवेत पाना फिरवल्यासारखी मूठ वळवली की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलावणं. दोन बोटं ओठांकडे नेली की चहा. वीस वर्षं मागावर काढलेला माणूस समोरच्याचे ओठ तर वर्तमानपत्रासारखे वाचतो.

मी मागवाला नाही, हिशेबवाला. चार-पाच टॉवेल कारखान्यांचे पगार, पीएफ आणि ईएसआय बघतो. त्यातल्या एका शेडमध्ये जन्मापासून ऐकू न येणारा एक विणकर आहे. नवा कामगार आला तर यांच्यातला कर्णबधिर कोण, हे त्याला दोन-तीन दिवस कळतच नाही. तो माणूस माग थांबला की बघतो, धागा तुटला की जोडतो, पायाखालच्या फरशीच्या थरथरीवरून कुठला माग बिघडायच्या बेतात आहे तेही सांगतो.

तोच माणूस पगाराच्या दिवशी माझ्या केबिनमध्ये येतो. तिथं शांतता असते. मी बोलायला लागतो, उचल किती वळती झाली, सुट्ट्या किती धरल्या, आणि तो नुसती मान हलवतो. कान तेच, माणूस तोच. शेडपासून केबिनपर्यंतच्या वीस पावलांत तो अपंग झाला.

हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळत होतं. पुढे कळलं की ज्या गोष्टीचं मला नवल वाटत होतं तिला शास्त्रात नाव आहे.

ब्रिटनमधल्या शारीरिक अपंगत्व असलेल्या काही कार्यकर्त्यांनी १९७६ साली एक मांडणी केली. शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. पाय चालत नाहीत ही उणीव. इमारतीला नुसत्या पायऱ्याच ठेवल्या, त्यामुळे माणूस आत जाऊ शकला नाही, हे अपंगत्व, आणि ते समाजाने घडवलेलं. माइक ऑलिव्हर या अभ्यासकाने १९८३ मध्ये याला ‘सोशल मॉडेल’ म्हटलं. त्याच्या आधीचा विचार डॉक्टरी होता. दोष माणसात आहे, तेव्हा माणूस दुरुस्त करा. होत नसेल तर घरी बसवा.

मला ही मांडणी पटते, पण संपूर्ण नाही. स्नायू हळूहळू निकामी होत जाणाऱ्या माणसाच्या वेदना पायऱ्यांशेजारी उतरता रस्ता बांधून जात नाहीत. त्याला औषध लागतं, विश्रांती लागते, आणि कधीकधी काम सोडावंही लागतं. खुद्द अपंग अभ्यासकांनीच हा आक्षेप घेतला आहे. तरीही कारखान्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न बदलतो तो याच मांडणीमुळे. ‘याला काय झालंय?’ हे विचारण्याऐवजी ‘हा कुठं अडतोय?’ असं विचारता येतं. दुसऱ्या प्रश्नाला निदान उत्तर तरी असतं.

आता न दिसणाऱ्या गोष्टीकडे येऊ. कुबडी दिसते, पांढरी काठी दिसते. मेंदूची घडण वेगळी असेल तर ती दिसत नाही, फक्त वागण्यातून जाणवते, आणि मग आपण तिला नावं ठेवतो. एककल्ली, आगाऊ, ढ, आळशी. सोलापुरात तर सरळ ‘येडं हाय बे ते’.

अशा माणसांसाठी जगभर ‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा शब्द रुळतो आहे. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक ज्युडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द वापरला. कल्पना मात्र त्यांच्या एकटीची नव्हती. स्वमग्न माणसं त्या काळात इंटरनेटवर एकमेकांशी बोलू लागली होती आणि त्या गप्पांतून ती आकाराला आली. म्हणणं साधं आहे. जसे चेहरे वेगळे, तसे मेंदूही वेगळे. काही मेंदू बहुसंख्यांपेक्षा बरेच वेगळे चालतात. त्यात स्वमग्नता येते, म्हणजे ऑटिझम. लक्ष आणि घाई यांचं गणित वेगळं असलेलं एडीएचडी येतं. अक्षरं-आकडे यांच्याशी झगडा असलेली डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया ही मंडळीही येतात.

माझा भाचा स्वमग्न आहे. आयटीआय केलेला, हाताचा पक्का. एका कारखान्यात मुलाखतीला गेला. समोरच्याने विचारलं, “स्वतःबद्दल सांगा.” भाच्याने विचारलं, “कशाबद्दल? उंची, का शिक्षण?” त्याला खरंच कळलं नव्हतं. साहेबांना तो उद्धटपणा वाटला. वर तो बोलताना डोळ्यांत बघत नाही, म्हणजे काहीतरी लपवतोय. पाच मिनिटांत बाहेर.

यात साहेबांना मी खलनायक करणार नाही. मुलाखत नावाचा प्रकारच असा आहे. काम टॉवेलची घडी तपासायचं आणि परीक्षा अनोळखी माणसाशी गोड बोलण्याची. ज्याला पहिलं येतं आणि दुसरं येत नाही, तो या चाळणीतून आपोआप गळतो. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन्ने नावाच्या एका बापाने, मुलगा स्वमग्न असल्याचं कळल्यावर, २००४ मध्ये ‘स्पेशलिस्टर्ने’ नावाची कंपनी काढली. तिथे मुलाखतीऐवजी लेगोचे यंत्रमानव बनवायला देत आणि माणूस अडचण कशी सोडवतो ते बघत. २०१३ मध्ये ‘एसएपी’ या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने त्यांच्याबरोबर स्वमग्न लोकांना नेमण्याचा कार्यक्रम जाहीर केला, आणि त्याची सुरुवातीची चाचणी आपल्याकडे, बेंगळुरूमध्ये झाली होती.

या बातम्यांनी एक घोटाळाही केला. स्वमग्न म्हणजे संगणकातला जादूगार, असं लोकांना वाटू लागलं. माझ्या भाच्याला संगणकात काडीचा रस नाही. बाकीच्यांना जादूगार असल्याशिवाय नोकरी मागायचा हक्क नाही, असं थोडंच आहे?

मग ‘यांना संवाद जमत नाही’ याचं काय? इथे संशोधन मजेशीर वळण घेतं. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये म्हटलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. स्वमग्न माणसाला आपण कळत नाही, तसा तोही आपल्याला कळत नाही. मात्र दोष एकाच्याच माथी बसतो. हे तपासायला २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी चक्क आपला कानगोष्टींचा खेळ लावला. एकूण ७२ माणसं, आठ-आठ जणांच्या साखळ्या. काही साखळ्यांत सगळे स्वमग्न, काहींत एकही नाही, काहींत मिसळ. पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. निव्वळ स्वमग्न साखळीने गोष्ट इतरांइतकीच नीट पोचवली. घसरण जास्त झाली ती मिसळ साखळीत.

हा निष्कर्ष जगभर गाजला. मग त्याच संशोधकांनी जास्त माणसं घेऊन खेळ पुन्हा लावला आणि २०२५ मध्ये निकाल छापला. या वेळी तिन्ही प्रकारच्या साखळ्यांत माहिती पोचवण्यात ठळक फरक दिसला नाही. मिसळ साखळीही तेवढीच चांगली ठरली. स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासून ‘तितकं सरळ नाही’ म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. आणि आमच्या कामापुरतं बघितलं तर दोन्ही अभ्यासांतली एक गोष्ट कायम राहिली. स्वमग्न माणसाला माहिती घेता-देता येत नाही, हे दोन्हीकडे खरं निघालं नाही.

भाच्याची गोष्ट पुढे अशी झाली. माझ्या ओळखीच्या एका टॉवेलवाल्याला मी म्हटलं, “मालक, प्रश्न विचारू नका, आठ दिवस टेबलावर बसवा.” ते म्हणाले, “बसवू की. त्यात काय?” तयार टॉवेल तपासायचं काम. सुटलेली शिलाई, ओढलेला धागा, मापातला फरक. तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन, “अहो, हा सगळाच माल बाजूला काढायलाय!” झालं होतं असं, की त्याला ‘खराब माल काढ’ एवढंच सांगितलं होतं. किती खराब म्हणजे खराब, हे बाकीच्यांना अंदाजाने कळतं; त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग एका पुठ्ठ्यावर चार टॉवेलचे नमुने टाचले. दोन ‘चालेल’, दोन ‘चालणार नाही’. त्या दिवसापासून तक्रार नाही. गंमत म्हणजे त्याच पुठ्ठ्याकडे बघून बाकीच्या बायकाही माल काढू लागल्या. ‘चालेल’ म्हणजे काय याचा अंदाज प्रत्येकीचा वेगळा होता, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

हे जे आम्ही अडाणीपणे केलं, त्याचीही एक शास्त्रीय वाट आहे. पूर्वी पद्धत अशी होती की आधी प्रशिक्षण केंद्रात वर्षानुवर्षं मेणबत्त्या आणि पाकिटं करायला लावायची, माणूस ‘तयार’ झाला की नोकरी बघायची. तो तयार कधीच व्हायचा नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात तीव्र मानसिक आजार असलेल्या लोकांसाठी उलटा क्रम लावला. आधी खऱ्या जागी खरी नोकरी, शिकवणं तिथेच, आणि सोबतीला एक माणूस जो मालकाशीही बोलेल आणि कामगाराशीही. अनेक देशांत चाचण्या झाल्या आणि नोकरी लागण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा स्पष्टपणे जास्त आलं. आमच्या मागवाल्यांना यात नवीन काय वाटणार? इथे विणायला कुणी वर्गात बसून शिकलेलं नाही. मामाच्या शेजारी उभं राहायचं, कांड्या भरायच्या, हळूहळू एक माग हातात यायचा. एवढंच की आठ दिवस काम बघायचं असेल तर त्या आठ दिवसांचा पगार द्यायचा. चाचणीच्या नावाखाली फुकट राबवून घेणारेही मी पाहिलेत.

मालक लोकांचा पुढचा प्रश्न मला तोंडपाठ आहे. “खर्च किती?” हिशेबवाल्याला हा प्रश्न आवडतो. अमेरिकेत ‘जॉब अकोमोडेशन नेटवर्क’ नावाची सल्ला देणारी संस्था १९८३ पासून आहे. ती मालकांनाच विचारत असते की अशी सोय करायला काय लागलं. साधारण निम्मे मालक सांगतात, काहीच नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा खर्चही एकदाच होणारा आणि किरकोळ. अमेरिकेतला आकडा इथे जसाच्या तसा लागू होणार नाही, पण पुठ्ठ्याला आणि चार नमुन्यांना काय पडलं ते मी वहीत शोधलं. शून्य.

आमच्या भागात नेमकं कुठं अडतं, ते बघितल्याशिवाय कळत नाही. एक उदाहरण भाषेचं. शेडमध्ये जॉबर तेलुगूत ओरडतो, मुकादम मराठीत, पॅकिंगवाला हिंदीत, आणि मालक फोनवर कन्नडमध्ये बोलता बोलता मध्येच हातवारे करतो. सोलापूरकराला याचं काही वाटत नाही. पण ज्याचा मेंदू एका वेळी एकच आवाज नीट पकडतो, त्याला ही भाषांची चटणी असह्य होते. त्याला काम एकाच माणसाने, एका वेळी एकच आणि शक्य तर चिठ्ठीवर सांगितलं तर निम्मा गोंधळ मिटतो. डिस्लेक्सिया असलेल्याला मात्र चिठ्ठी उपयोगाची नाही. त्याच्यासाठी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून द्या, किंवा मापाप्रमाणे गठ्ठ्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. एडीएचडी असलेल्या एका पोराला आठ तास पॅकिंगला बसवलं तर तो पंचवीस वेळा उठायचा. त्याला आता गठ्ठे इकडून तिकडे न्यायचं काम दिलंय, उठायचंच काम आहे. आणि पाळी बदलायची असेल तर आदल्या दिवशी सांगा. स्वमग्न माणसाला अचानक बदल किती बोचतो, हे भाच्यामुळे मी घरात पाहिलंय.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग हक्क कायदा संसदेत २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, आता २१ आहेत. स्वमग्नता, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार त्यात आहेत. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, ही उणीवच म्हणायची. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. आरक्षणाला किमान ४० टक्के, म्हणजे ‘लक्षणीय’ दिव्यांगत्वाचा दाखला लागतो.

पण कायद्यातला माझ्या मते सर्वांत कामाचा शब्द आरक्षण नाही. तो आहे ‘रीझनेबल अकोमोडेशन’. मी त्याला वाजवी सोय म्हणतो. समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता, त्या एका माणसापुरता केलेला आवश्यक बदल. तो पुठ्ठा म्हणजे वाजवी सोय. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका उमेदवाराचं प्रकरण आलं. लिहिताना त्याच्या हाताला पेटके येत, आणि ४० टक्क्यांचा दाखला नाही म्हणून लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की टक्केवारी आरक्षणासाठी आहे. वाजवी सोय मिळण्यासाठी ४० टक्के असण्याची अट घालता येत नाही.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, हुद्दाही कमी करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. शेजारच्या तेलंगणात परिवहन महामंडळाने रंगांधळा ठरलेल्या एका बस ड्रायव्हरला घरी पाठवलं होतं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य अशा दुसऱ्या कामावर घ्यायला सांगितलं. दुसरं काम शोधून बघायचे कष्टच कुणी घेतले नाहीत, हा मुख्य ठपका.

खाजगी कारखान्यांवर कायद्याचा हात इतका घट्ट नाही. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. २० किंवा जास्त कामगार असतील तर त्यात कोणती कामं दिव्यांगांना देता येतील, निवड कशी होईल, सोयी कोणत्या, हे लिहायचं आणि एक संपर्क अधिकारी नेमायचा. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत आणि नंतर ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आता सोलापूरची गंमत बघा. इथले कित्येक कारखाने एकोणीस माणसांपाशीच थांबलेले असतात, निदान कागदावर. आणि घरी सूप घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो बायका? त्यांची आस्थापना कुठली, संपर्क अधिकारी कोण? बोटं आखडली, नजर गेली की विड्या छाटात, म्हणजे नापास मालात, जातात आणि काम आपोआप बंद होतं. हा कायदा त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेलाच नाही.

दाखल्याचं थोडक्यात सांगतो. ‘यूडीआयडी’ कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडे बहुतेकांची सिव्हिलला. कार्ड असेल तर ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० ऐवजी २५,००० रुपये धरली जाते, आणि आयकरात जुन्या पद्धतीने विवरण भरणाऱ्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची. तक्रार करायची झाल्यास दिव्यांग कल्याण आयुक्त पुण्यात बसतात.

खरी अडचण दाखल्याच्या आधीची आहे. चाळिशीतल्या माणसाला आपण स्वमग्न आहोत हेच ठाऊक नसतं. २०११ च्या जनगणनेने देशात २.६८ कोटी अपंग मोजले, पण त्यात स्वमग्नतेचा वेगळा रकानाच नव्हता. ज्यांना ठाऊक असतं तेही सांगत नाहीत. सांगितलं तर पोरीचं लग्न अडेल, मालक हलकं काम देईल, पाठीमागे हसतील. मग दिवसभर इतरांसारखं दिसण्याचं नाटक करायचं, डोळ्यांत बघायचं, हसू आलं नाही तरी हसायचं. स्वमग्न प्रौढांच्या अभ्यासांत हे झाकणं आणि नैराश्य, चिंता यांचा संबंध पुन्हा पुन्हा दिसलेला आहे. म्हणून मी कुणाला ‘सांगूनच टाका’ असा सल्ला देत नाही. निदान सांगायची गरज नाही, अडचण सांगितली तरी चालते. “मला स्वमग्नता आहे” याऐवजी “मला काम लिहून द्या, चूक होत नाही” एवढं म्हणून बघा. यात हरकत घ्यावी असं मालकाला काही सापडत नाही.

मागाच्या आवाजाबद्दल मात्र बोलायला हवं. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे आणि यंत्रमागाच्या शेडमधला आवाज सहज त्याच्या वर जातो. अशा आवाजात वर्षानुवर्षं काढली की आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. तरी कानाला लावायचे बूच शेडमध्ये दिसत नाहीत. मालक म्हणतात, दिले तरी घालत नाहीत. कामगार म्हणतात, घातले तर मागाचा बिघाड ऐकू येत नाही. दोन्ही खरं आहे. पन्नाशीला पोचलेले माझे कितीतरी विणकर आता घरी टीव्ही मोठा लावतात आणि बायकोवर चिडतात की तू पुटपुटतेस.

त्या कर्णबधिर विणकराच्या पगाराचं मग मी काय केलं? फार उशिरा, पण एक छापील चिठ्ठी केली. दिवस, माल, दर, उचल, वळती, हातात. प्रत्येकापुढे आकडा. शेडमधल्या सगळ्यांनाच तशी द्यायला लागलो, कारण पन्नाशीतल्यांनाही माझं बोलणं धड ऐकू येत नव्हतं, आणि ते कबूल करत नव्हते. पहिल्या महिन्यात तो चिठ्ठी घेऊन खिडकीपाशी गेला, बराच वेळ बघत राहिला, मग परत आला आणि ‘वळती’च्या आकड्यावर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवली, मग मुठीचं शून्य. मी वही काढली, बेरीज पुन्हा केली. चाळीस रुपये जास्त कापले होते. किती महिन्यांपासून ते शोधायला मला मागच्या दोन वह्या काढाव्या लागल्या.